सुवार्तिकाची बिदागी : तंत्रप्रचारकाच्या व्याख्यानाची समीक्षा

मराठीत पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. व्याख्यानाचा मात्र फक्त वृत्तांत येतो. वक्ता काय म्हणाला हे दुसऱ्या दिवशी छापले जाते. तो ते कसे म्हणाला, कोणाच्या खर्चाने म्हणाला आणि ऐकणाऱ्याने घरी काय नेले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात आजही भरते, त्या शहरात राहून मला ही उणीव अधिक जाणवते.

या लेखात मी व्याख्यानाच्या एकाच प्रकाराची तपासणी करणार आहे. तो प्रकार म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसमोर एखाद्या कंपनीचा फिरता प्रतिनिधी करतो ते भाषण. या प्रतिनिधीला उद्योगात ‘टेक्नॉलॉजी इव्हॅन्जेलिस्ट’ म्हणतात. अलीकडे ‘डेव्हलपर अ‍ॅडव्होकेट’ हे सौम्य नाव रूढ झाले आहे. वाचकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हे काम मी स्वतः बारा वर्षे केले. कात्रजला राहून सोलापूर, सांगली, नाशिक, नागपूर, बंगळूर, हैदराबाद अशी शहरे पालथी घातली. त्यामुळे हे परीक्षण तटस्थ नाही. ज्या मंचावर मी उभा होतो त्याच मंचाचे ते आहे.

१

आधी शब्दाकडे पाहू. ‘इव्हॅन्जेलिस्ट’ हा मूळ ग्रीक शब्द. शुभवर्तमान सांगणारा असा त्याचा अर्थ. मराठी बायबलने त्यासाठी ‘सुवार्तिक’ हा नेमका आणि सुंदर शब्द घडवला आहे. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर हा हुद्दा पहिल्यांदा छापून आला, तेव्हा आईने कार्ड चष्म्याजवळ नेऊन विचारले होते, “अरे, पण तू नक्की विकतोस काय?” मी म्हणालो, “काहीच नाही. फुकट असतं ते.” ती म्हणाली, “मग तुला पगार कोण देतं?” या लेखातला मुख्य प्रश्न तिने त्या दिवशीच विचारला होता. तो प्रश्न आहे हे माझ्या लक्षात यायला आठ वर्षे गेली.

संगणक उद्योगात हा हुद्दा आणला अ‍ॅपलने. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला, पण नव्या यंत्रावर चालतील असे प्रोग्रॅम बाहेरच्या कंपन्यांनी लिहिल्याशिवाय त्या यंत्राला किंमत नव्हती. बाहेरच्यांना त्यासाठी राजी करणे हे काम माइक बॉइच आणि १९८३ साली रुजू झालेले गाय कावासाकी यांच्याकडे होते. कावासाकी त्याआधी दागिन्यांच्या व्यवसायात होते. अजून ज्याला गिऱ्हाईक नाही अशा यंत्रासाठी दुसऱ्याने आपले पैसे आणि वर्ष-दोन वर्षे घालावीत, हे पटवायचे तर किंमतपत्रक पुरत नाही, श्रद्धा लागते. म्हणून धर्माचा शब्द उसना घेतला गेला. पुढे १९९१ साली कावासाकींनी ‘सेलिंग द ड्रीम’ हे पुस्तक लिहून या पद्धतीचे शास्त्रच मांडले. ते पुस्तक मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात वाचले आणि भारावून गेलो. आज पुन्हा वाचताना जाणवते, की त्यात श्रोता सगळीकडे आहे. पण तो भविष्यातला अनुयायी म्हणून. शंका घेणारा माणूस म्हणून त्याला फार जागा नाही.

या पद्धतीची दुसरी बाजू न्यायालयाच्या कागदपत्रांतून बाहेर आली. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेतील आयोवा राज्यात चाललेला ग्राहकांचा खटला २००७ साली तडजोडीने मिटला. त्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या अंतर्गत प्रशिक्षणाच्या मजकुरात प्रचार म्हणजे युद्ध अशीच मांडणी होती. परिसंवाद वरवर तटस्थ दिसावा, पण त्यातले वक्ते आपल्या बाजूचे असावेत, ही युक्तीही त्यात शिकवलेली होती. मी ज्या परिसंवादांत बसलो, त्यांत असे कोणी मुद्दाम जमवून आणले होते असे मी म्हणत नाही. पण चारपैकी तीन वक्त्यांची विमानाची तिकिटे एकाच खिशातून निघाली असली, की जमवून आणण्याची गरज उरत नाही.

२

आता या भाषणाच्या घडणीकडे येऊ. ते साधारण चाळीस मिनिटांचे असते. पहिल्या पडद्यावर वक्त्याचे नाव, फोटो, एखादा विनोद. मग हात वर करायला लावणे : “तुमच्यापैकी कोणी कोणी रात्री दोन वाजता सर्व्हर सावरत बसलंय?” सभागृह हसते, हात वर होतात, आणि वक्ता त्यांच्यातला एक होतो. मग दुःखाचे वर्णन : जुनी पद्धत किती किचकट, किती वेळखाऊ. मग उपाय. मग ‘डेमो’, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दहा ओळींत चालून दाखवणारा प्रोग्रॅम. मग एखाद्या कंपनीची यशोगाथा. शेवटी प्रश्नोत्तरे, आणि दाराशी स्टिकर व टी-शर्ट.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंगात एखादे पद घेऊन सिद्धान्ताचे निरूपण, मध्यंतरात नामघोष आणि बुक्का, आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त सिद्ध करणारे आख्यान. हात वर करायला लावणे हा आमचा नामघोष, स्टिकर हा आमचा प्रसाद. ही तुलना मी गमतीने अनेकदा मंचावरही केली आहे आणि तिला हमखास टाळ्या मिळाल्या आहेत. पण तुलना गमतीपलीकडे नेली की एक मोठी तफावत दिसते, आणि माझ्या मते या व्याख्यानप्रकाराचे मर्म त्या तफावतीत आहे.

कीर्तनाच्या आख्यानात कसोटी असते. पूर्वरंगात सत्याचा महिमा सांगितला, तर उत्तररंगात हरिश्चंद्राचे राज्य जाते, पत्नी विकली जाते, मुलगा मरतो. सिद्धान्त खरा आहे की नाही हे सगळे गमावण्याच्या क्षणी ठरते, आणि श्रोत्याचा श्वास तेथे अडकतो. तंत्रप्रचारकाच्या आख्यानात कोणीच काही गमावत नाही. कंपनी अडचणीत होती, तिने आमचे साधन घेतले, तिचा वेळ वाचला, खर्च घटला, संपली गोष्ट. त्यात ना कसोटी, ना किंमत. पूर्वरंगातील दावाच उत्तररंगात पुन्हा सांगितला जातो, फक्त एका ग्राहकाच्या नावाने.

म्हणून मला आजही वाटते, की या भाषणातला सर्वांत प्रामाणिक क्षण डेमो फसल्याचा असतो. इंटरनेट जाते, पडद्यावर लाल अक्षरे येतात, वक्त्याला घाम फुटतो. तेवढी दोन मिनिटे सभागृह खरोखर जागे होते. मागच्या बाकावरचा कोणीतरी “सर, तो पत्ता चुकलाय” असे ओरडतो, आणि साधन प्रत्यक्षात कसे वागते ते सर्वांना दिसते. मी मात्र पहिल्या वर्षीच डेमोची चित्रफीत आधी तयार करून ठेवायला शिकलो. माझी भाषणे त्यानंतर कधी फसली नाहीत. ती त्यानंतर तपासलीही गेली नाहीत.

३

कीर्तनाशी तुलना येथेच थांबवली तर ती अपुरी राहील, कारण कीर्तन म्हणजे केवळ रचना नव्हे. त्यामागे देण्याघेण्याची एक नीती आहे. नारदीय कीर्तनकाराला बिदागी मिळते, ती श्रोत्यांकडून किंवा देवस्थानाकडून. वारकरी संकेत त्याहून कडक : जेथे कीर्तन केले तेथे अन्न घेऊ नये, मान घेऊ नये, द्रव्य तर नाहीच. गाडगेबाबांनी हा संकेत आयुष्यभर पाळला. गावात शिरल्यावर आधी हातात खराटा, संध्याकाळी कीर्तन, आणि भाकरी मागून आणलेली, स्वतःच्या गाडग्यात. त्यांचे कीर्तनही प्रश्नांनी चाले. उत्तर ते लोकांकडूनच वदवून घेत. या नियमांमागे सोवळेपणा नव्हता. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध बोलता येत नाही, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

आमच्या व्यवसायात मीठ कोणाचे हे श्रोत्याला ठाऊक असते, पण त्याचा विसर पडावा अशी सारी व्यवस्था असते. प्रवेश फुकट, जेवण फुकट, साधनही सुरुवातीला फुकट. सुवार्ता सांगणाऱ्याचा पगार सुवार्तेचा मालक देतो, आणि तो वसूल व्हायचा असतो पुढे, श्रोत्याचे काम त्या साधनात पुरते गुंतल्यावर. हे पाप नाही, व्यापार आहे. पण व्यापाराने कीर्तनाचा वेश घेतला की ऐकणारा भाव करायला विसरतो.

फिरत्या प्रचारकांत एक जण असा, की ज्याच्यापुढे हा आक्षेप टिकत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले, आणि त्यानंतर दशकानुदशके ते हाच एक विषय घेऊन जगभर फिरत राहिले. जुलै २००१ मध्ये त्यांच्याच उपस्थितीत तिरुवनंतपुरमला संस्थेची भारतीय शाखा सुरू झाली. त्यांच्या भाषणातही धर्माची नक्कल आहे, पण ती उघड. अंगावर झगा, डोक्यामागे जुन्या संगणकाच्या चकतीचे प्रभामंडळ, आणि स्वतःला संत म्हणवून घेणे. शेवटी खेळण्यातल्या ग्नूचा लिलाव, पैसे संस्थेला. येथे सोंग हे सोंग म्हणूनच पुढे येते आणि विकण्याचे साधन वक्त्याकडे नसते. पुण्यात मॉडेल कॉलनीतील सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळा भरे. त्यात विद्यार्थी आणि पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी यांचा जो मेळ होता, त्यात याच वळणाची ऊब होती. वक्ता कोण आणि श्रोता कोण हे जेवणाच्या सुट्टीनंतर उलटसुलट होऊन जाई.

तरीही स्टॉलमन यांच्या प्रकारालाही समीक्षा हवी. त्यांच्या मांडणीत वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्ये अगदी काटेकोर सांगितलेली आहेत. पण महिन्याअखेरी घरभाडे भरायचे असलेल्या, पहिल्याच नोकरीतल्या मुलाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे साधारणतः त्यागाचे असते. संतांचे असेच असते. नियम चुकीचा नसतो, पण तो पाळण्याची किंमत श्रोत्याच्या माथी असते. कंपनीचा सुवार्तिक किंमत लपवतो, संत ती क्षुल्लक ठरवतो. बाकावर बसलेल्या मुलाला दोघांनीही ती नीट मोजून दिलेली नसते.

४

तंत्राचा प्रचार म्हणजे फसवणूकच, असे मला म्हणायचे नाही. महाराष्ट्रात याचे एक जुने आणि निरोगी उदाहरण आहे, आणि ते योगायोगाने मासिकांच्या इतिहासातही मोडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या पत्रातून पुढे मराठीतले एक मोठे मासिक घडले, आणि त्याच घरातून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ निघाली.

या उदाहरणातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, हितसंबंध नावातच होता. ‘किर्लोस्कर खबर’ हाती घेणाऱ्याला बातमी कोणाच्या घरची आहे हे विचारावे लागत नव्हते. दोन, नांगर एकदा विकत घेतला की तो शेतकऱ्याचा होई; कारखान्याने धोरण बदलले म्हणून बांधावरचा नांगर एका सकाळी नाहीसा होत नसे. तीन, आणि ही मला सर्वांत मोठी वाटते : दोन वर्षे नांगर न घेणारा शेतकरी. आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. पण तोच या तंत्राचा पहिला समीक्षक होता. त्याचे कारण चुकले असेल, सावधपणा चुकला नव्हता. नवे हत्यार फसले तर हंगाम त्याचा बुडणार होता, कारखानदाराचा नव्हे. त्याच्या नकाराने प्रचारकाला शेतात जाऊन सिद्ध करावे लागले. आमच्या सभागृहात असा शेतकरी नसतो. तेथे शंका घेणे म्हणजे मागासलेपण, आणि वीस वर्षांच्या मुलाला मागास ठरण्याची भीती सर्वांत जास्त.

दुसऱ्या मुद्द्याला अलीकडचा दाखला हवा असेल तर ‘पार्स’चा घ्यावा. मोबाइल अ‍ॅपच्या मागची सारी यंत्रणा तयार देणारी ही सेवा फेसबुकने २०१३ साली विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१७ मध्ये ती बंद झाली. वापरणाऱ्यांना वर्षभराची मुदत मिळाली आणि तिचा प्रोग्रॅम खुला केला गेला, म्हणजे या व्यवहारात जेवढी सभ्यता शक्य असते तेवढी पाळली गेली. तरीही ज्यांनी तिच्यावर अ‍ॅप उभे केले होते, त्यांना आपापले बिऱ्हाड उचलावेच लागले. आख्यानाचा उत्तररंग असा नंतर, सभागृह रिकामे झाल्यावर घडतो.

५

माझ्या वाट्याचा उत्तररंग सांगतो आणि लेख आटोपता घेतो.

एका जिल्ह्याच्या गावी, अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बोललो होतो. कॉलेजचे आणि माझ्या त्या वेळच्या कंपनीचे नाव येथे नको. प्रश्नोत्तरांत तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. “सर, हे उद्या बंद पडलं तर?” मी म्हणालो, “उद्या सूर्य नाही उगवला तर?” सभागृह खदखदून हसले. मुलगाही हसला आणि बसला. त्या दिवशीच्या अभिप्रायांत माझ्या हजरजबाबीपणाचे कौतुक होते.

सव्वादोन वर्षांनी ती सेवा बंद झाली. त्याच सुमारास तो मुलगा मला कात्रज चौकात भेटला. साताऱ्याकडून येणाऱ्या गाड्या येथे थांबतात. कृष्णा-कोयनेकाठच्या किती मुलांचे पुणे या चौकातच सुरू होते. त्याने ओळख दिली. आम्ही चहा घेतला. कॉलेज संपल्यावर त्याने आणि त्याच्या मित्राने गावाकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक अ‍ॅप केले होते : सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, आणि दर दहा दिवसांचे बिल. अकरा केंद्रे जोडली होती. सगळे मी दाखवलेल्या सेवेवर.

“मग काय केलंत?” मी विचारले.

“तीन रात्री जागून आकडे बाहेर काढले, सर. एका दशकाचं बिल मात्र हातानं करावं लागलं. चार केंद्रांनी परत वहीच धरली.” मग तो जरा थांबून म्हणाला, “तुमच्यावर राग नाही. तुम्ही बोलताच इतकं छान, की आम्ही पर्याय बघितलाच नाही.”

बारा वर्षांत माझ्या भाषणाचे झालेले खरे परीक्षण एवढेच. ते एका वाक्याचे होते, आणि त्यात दोष माझ्या माहितीचा काढलेला नव्हता. माझ्या शैलीचा होता. चांगले बोलणे हे या प्रकारात केवळ वाहन नसते. ते श्रोत्याच्या सावधपणावर घातलेले झाकण असते. म्हणूनच त्याची समीक्षा साहित्याच्या अंगाने व्हायला हवी. विनोद कोठे ठेवला, कोणता प्रश्न हशात बुडवला, यशोगाथेतून कोणाला वगळले, हे प्रश्न तंत्रज्ञांपेक्षा आपल्यासारख्या वाचकांना अधिक लवकर सुचतात.

माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कात्रजचा तलाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथून दगडी बांधीव नळाने शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना पाणी नेले गेले. पंप नव्हता, नुसता उतार. पण बांधणाऱ्यांनी वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, हवा निघून जावी आणि नळात उतरून गाळ काढता यावा म्हणून. वरून येणाऱ्या प्रवाहाला वाटेत उघडे तोंड असावे लागते, हे त्यांना माहीत होते. चाळीस मिनिटांच्या भाषणात असे उच्छ्वास कोठे असावेत, याचा मी आता विचार करतो. वक्त्याने आपला पगार कोण देते हे पहिल्या मिनिटाला सांगावे. जे साधन दाखवतो त्यातून बाहेर कसे पडायचे तेही करून दाखवावे. आणि यशोगाथेसोबत एक तरी फसलेली गोष्ट, फसलेल्या माणसाच्या शब्दांत, सांगावी. एवढे केले तर त्याला सुवार्तिक म्हणवून घेण्याचा हक्क आहे. न केले तर तो विक्रेता आहे, आणि विक्रेता म्हणवून घेण्यात लाज कसली?

गेल्या वर्षी मी ती नोकरी सोडली. बोलावणी अजून येतात, दोन-तीन महिन्यांनी एखाद्या कॉलेजात जातो, येण्याजाण्याचे भाडे तेवढे घेतो. पहिल्या पडद्यावर आता माझे नाव आणि फोटो नसतो. तेथे तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय मी पुढच्या पडद्याकडे जात नाही.